गिअर दाखवणारा आकडा

हाताला जागा कळते, आणि एकदा कळलेली जागा तो सहसा विसरत नाही. नेहमीच्या मोटारीचा गिअर बदलणारा माणूस दांड्याकडे पाहत नाही. दांडा डावीकडे सारून पुढे लोटला की पहिला, तेथूनच मागे ओढला की दुसरा, मधल्या रांगेत पुढे तिसरा, मागे चौथा. इंग्रजी ‘एच्’ अक्षराच्या आकाराचा हा लहानसा नकाशा चालकाच्या तळहातात कायमचा मुरलेला असतो. सिग्नलपाशी थांबल्यावर आपण कोणत्या गिअरमध्ये आहोत अशी शंका आलीच, तर दांड्यावर हात ठेवताच तिचे निरसन होते. स्थिती आणि स्थान यांत येथे अंतर नसते. दांडा जेथे आहे तेच त्याचे उत्तर असते.

मोटारसायकलची रीत निराळी आहे. तिचे गिअर एका रांगेत उभे असतात आणि ती रांग मोडता येत नाही. आत एक ड्रम असतो. त्याच्या अंगावर वळणावळणाच्या खाचा कोरलेल्या असतात. ड्रम थोडासा फिरला की खाचांत अडकलेले फोर्क आडवे सरकतात, आपल्याबरोबर गिअरची चाके सरकवतात, आणि एका चाकाच्या बाजूचे दाते शेजारच्या चाकात जाऊन बसतात. पायाच्या एका दाबाने ड्रम एक टप्पा फिरतो, खटका बसतो आणि पायपट्टी स्प्रिंगच्या जोराने मूळ जागी परत येते. पहिल्यातून एकदम चौथ्यात उडी घेता येत नाही. मधली घरे ओलांडावीच लागतात. आणि पायपट्टी प्रत्येक वेळी जेथून निघाली तेथेच परत येत असल्यामुळे तिला कितीही चाचपले तरी काही कळत नाही. मोटारीच्या दांड्याला एक प्रकारचे स्मरण असते. पायपट्टीला ते नसते. आपण कोठे आहोत हे सांगणे तिचे कामच नव्हे. आणखी एक पाऊल टाकण्यास सिद्ध असणे, एवढेच तिचे काम.

दुचाकीवर यामुळे फारसे अडत नाही. इंजिन स्वाराच्या गुडघ्यांमध्ये असते, त्याचा कंप मांड्यांना जाणवतो, आवाज थेट कानावर येतो, आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे सांगणारा हिरवा दिवा समोर असतोच. प्रश्न निर्माण होतो तो हेच इंजिन चार चाकांच्या गाडीत बसवले म्हणजे. असे बसवणारी माणसे आहेत, आणि इंग्लंडात ती बरीच आहेत.

सुट्या भागांतून घरच्या घरी मोटार जोडण्याचा हा इंग्रजी छंद समजून घ्यायचा, तर लोटस कंपनीच्या ‘सेव्हन’ या गाडीपाशी जावे लागते. कॉलिन चॅपमन यांची ही छोटी, उघडी, दोन माणसांची गाडी १९५७ साली आली. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी-कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. मात्र भागांबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत. असे सांगतात की कंपनीने त्यावर तोड काढली: गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली, ग्राहकाने ती शेवटाकडून आरंभाकडे वाचावी. ही आख्यायिका मला फार प्रिय आहे. विघटनाचे टिपण रचनेसाठी उलटे वाचणे हा तर समीक्षेच्या विद्यार्थ्याचा नित्याचा उद्योग. १९७३ मध्ये खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. पण छंद मावळला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे एक पुस्तक निघाले. केवळ २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. ते समोर ठेवून कित्येकांनी आपापल्या गॅरेजात लोखंडी नळ्या कापल्या, सांधल्या आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे अवयव त्या सांगाड्यात बसवले. पुढे यांतील काहींचे लक्ष जपानी मोटारसायकलींच्या इंजिनांकडे गेले. १९९८ च्या यामाहा आर-वनचे इंजिन एक लिटरहूनही किंचित लहान. तरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याची शक्ती १५० अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स त्याच कवचात सामावलेला. पाचशे किलोंच्या आसपासच्या गाडीला असे इंजिन जोडल्यावर काय होत असेल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

माझा भाचा मात्र अभियंताच आहे. तो इंग्लंडात राहतो, आणि त्याने अशी एक गाडी आर-वनच्या इंजिनावर जोडली. मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा सांगाडा, चाके, ब्रेक, इतकेच काय, मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये नसलेली उलट चालण्याची सोय, हे सारे पार पडले होते. स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटा दांडा होता. ओढला की गिअर एक घर वर, ढकलला की एक घर खाली, आणि सोडला की पुन्हा मध्यावर. राहिला होता एकच प्रश्न: कोणता गिअर पडला आहे हे सांगणारा आकडा विकत आणावा की स्वतः तयार करावा? सहा आठवडे हा प्रश्न त्या घरात जेवणाच्या टेबलावर होता. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण वादाचे स्वरूप मात्र माझ्या चांगल्याच ओळखीचे निघाले.

एका आकड्यासाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर इंजिनाच्या गणितात आहे. या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.५००, दुसऱ्याचे १.८४२. समजा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत आहे, आणि चालकाची समजूत मात्र तिसरा पडला आहे अशी आहे. वळण जवळ आले म्हणून तो दुसऱ्यात येण्याच्या इराद्याने दांडा एकदा ढकलतो; पडतो पहिला. क्लच सुटताच चाके इंजिनाला १२,२०० च्याही वर फिरवू पाहतात, आणि त्याची सुरक्षित मर्यादा १२,००० च्या आत आहे. जास्त फेरे झाले की ठिणगी तोडणारी सोय इंजिनात असते. पण ती इंजिनाने आपणहून घेतलेल्या वेगाला आवरते. येथे इंजिन चाकांना फिरवत नसते, चाके इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, पिस्टन त्याला गाठतो, आणि वर्षभराची मेहनत व पुंजी क्षणार्धात भंगार होते. ओल्या रस्त्यावर मागची चाके एकाएकी अडखळून गाडी फिरते ती गोष्ट वेगळीच. वर चढताना झालेली चूक यंत्र सोसते. खाली उतरताना झालेली सोसत नाही.

या छंदातील जुनी मंडळी अशा आकड्याकडे काहीशा तुच्छतेने पाहतात. खरा चालक कानाने ओळखतो, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही; संगीत ऐकणाऱ्याला स्वर ओळखण्यासाठी पाटी लागत नाही. परंतु प्रत्येक कान सारखा नसतो. माझ्या भाच्याच्या उजव्या कानाचे ऐकणे लहानपणी गालगुंडाच्या आजारात गेले. या गाडीला छप्पर नाही. डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर वारा, पुढे इंजिन, शेजारी सायलेन्सर. अशा गदारोळात धडधाकट कानाचा माणूसही सहाव्या गिअरमध्ये असताना सातवा शोधू लागतो. मग एका कानाच्या माणसाची काय कथा! “मामा, त्यांचं खरं आहे,” तो म्हणाला, “पण त्यांचं खरं माझ्या उपयोगाचं नाही.” एखाद्या कलेचे निकष ठरवताना आपण कोणाची इंद्रिये प्रमाण धरतो, हा प्रश्न त्या एका वाक्यात होता. मी त्यावर काही बोललो नाही.

आकडा मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला मोजण्याचा. न्यूट्रलपासून आरंभ करावा. दांडा ओढला की एक मिळवावा, ढकलला की एक वजा करावा. दोन बटणे आणि थोडी विद्युत्-सामग्री एवढ्यावर भागते. इंजिनाला हातही लावावा लागत नाही. पण कधीकधी दांडा पुरता ओढला जातो आणि गिअर मात्र बसत नाही. दोन गिअरांच्या मधे चाके मोकळी फिरत राहतात. यंत्राने तर एक मिळवून ठेवलेला असतो. तेथून पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा, आणि तोही पूर्वीइतक्याच ठामपणे दाखवलेला. पुन्हा न्यूट्रल येईपर्यंत ही चूक उघड होत नाही. न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमेचा दर्जा दिला नाही, तो का दिला नाही, हे मला या यंत्रापाशी जेवढे स्पष्ट झाले तेवढे पूर्वी कधी झाले नव्हते. स्मृती खरीही असू शकते. पण ती पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारावर जगते. समोरच्या वस्तूशी तिचा आज संबंध आलेला नसतो.

दुसरा मार्ग अनुमानाचा. इंजिनाचे फेरे मोजावेत, मागच्या धुरीकडे जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजावेत, आणि दोहोंचे प्रमाण काढावे. प्रत्येक गिअरचे प्रमाण ठरलेले असल्याने प्रमाणावरून गिअर ओळखता येतो. गाडी एकेका गिअरमध्ये चालवून यंत्राला ही सहा प्रमाणे एकदा शिकवली की झाले. चाकाऐवजी शाफ्टवर मोजणे अधिक चांगले, कारण चाक घसरले, टायर झिजला, किंवा वळणावर आतले-बाहेरचे चाक कमीअधिक फिरले, तरी शाफ्टच्या प्रमाणात फरक पडत नाही. तरीही येथे सूक्ष्मतेची गरज आहेच. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील अंतर छत्तीस टक्क्यांच्या घरात आहे. पाचव्याचे प्रमाण १.२०० आणि सहाव्याचे १.११५, म्हणजे अंतर आठ टक्क्यांहूनही कमी. जेवढे वर जावे तेवढे दोन शेजाऱ्यांतील भेद पुसट होत जातात.

धूर दिसला की अग्नी आहे असे आपण म्हणतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण त्याला ओल्या सरपणाचा संयोग लागतो. नैयायिक या अटीला उपाधी म्हणतात. आपल्या अनुमानालाही अशीच एक अट आहे: क्लच पूर्ण जुळलेला असला पाहिजे. क्लच दाबला की इंजिन आणि शाफ्ट यांचे नाते तुटते. मग प्रमाण काढता येते, पण त्याला अर्थ नसतो. आणि गाडी उभी असली तर शाफ्ट फिरतच नाही. तेव्हा अनुमानाला आधारच उरत नाही.

तिसरा मार्ग प्रत्यक्षाचा. ज्या ड्रमच्या फिरण्याने गिअर पडतो, त्या ड्रमलाच विचारावे. सुझुकीच्या काही इंजिनांत अशी सोय मुळातच असते; ड्रमच्या टोकाशी बसवलेला संवेदक प्रत्येक गिअरला निराळा विद्युत्-दाब देतो. गाडी उभी असो वा धावती, क्लच दाबलेला असो वा सुटलेला, उत्तर मिळते. भाच्याच्या इंजिनात ड्रम एकच गोष्ट सांगत होता: न्यूट्रल आहे की नाही. बाकीच्या सहांसाठी कवच उघडून, नवे झाकण घडवून, त्यात तेल गळू न देता चुंबक आणि संवेदक बसवावा लागला असता. धडधाकट चालणारे इंजिन केवळ जाणून घेण्यासाठी उघडावे का? ज्ञानासाठी वस्तूला किती धक्का लावावा, या प्रश्नाला कवितेच्या वाचनातही सोपे उत्तर नाही.

अखेर त्याने तडजोड केली, आणि ती मला शहाणपणाची वाटली. न्यूट्रलसाठी प्रत्यक्ष, सहा गिअरांसाठी अनुमान, आणि मोजणी मुळीच नाही. तयार यंत्र न आणता त्याने ते स्वतःच करायला घेतले. त्याचे कारण काटकसर नव्हते. खरे मतभेदाचे स्थळ पुढेच होते.

क्लच दाबलेला असताना आकड्याने काय करावे? बाजारातील काही तयार यंत्रे अशा वेळी आधीचाच आकडा धरून ठेवतात. दिसायला ते नीटनेटके असते. भाच्याला तेथे आडवी रेघ हवी होती. “पण प्रत्येक गिअरला रेघ लुकलुकली तर डोळ्यांना त्रास होईल,” तो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, “मामा, तुम्हांला काय वाटतं?”

मी म्हणालो, “अरे, जुना आकडा धरून ठेवलास की तुझं यंत्र पुन्हा आठवणीवर बोलू लागलं. आठवण तर तू दारातूनच परत पाठवली होतीस.”

त्याने मधला मार्ग काढला. पाव सेकंदापर्यंत आकडा तसाच राहावा. तेवढ्यात नवे प्रमाण स्थिर झाले तर नवा आकडा यावा, न झाले तर रेघ. ही रेघ म्हणजे यंत्राने दिलेली कबुली होती: या घटकेला मला ठाऊक नाही. मोजणारे यंत्र आणि अनुमान करणारे यंत्र यांच्यातला खरा भेद कोण किती वेळा चुकतो हा नव्हेच. आपले ज्ञान कोठे संपते हे एकाला कळते आणि दुसऱ्याला कळत नाही, हा तो भेद आहे.

मग आकडा कसा दिसावा याचा विचार आला. सात रेघांच्या दिव्यांनी बनणारा, गणकयंत्रावर असतो तसला अंक त्याने घेतला. भर उन्हात वाचता यावा म्हणून तो प्रखर हवा, आणि रात्री डोळ्यांवर येऊ नये म्हणून मंद करता आला पाहिजे. या अंकाची एक गंमत मला तेव्हाच कळली. त्यातील पाच आणि सहा यांत फरक असतो केवळ एका रेघेचा, डावीकडच्या खालच्या उभ्या रेघेचा. तेवढा एक दिवा विझला की सहाचा पाच होतो. पाहणाऱ्याला संशयही येत नाही. जे दोन गिअर प्रमाणाने सर्वांत जवळ, तेच लिपीनेही सर्वांत जवळ. म्हणून गाडी सुरू होताच क्षणभर आठ दिसावा अशी व्यवस्था त्याने केली. आठमध्ये सातही रेघा लागतात. एखादी मुकी झाली असेल तर निघण्यापूर्वीच कळते. बोलण्याआधी आपली सारी अक्षरे शाबूत आहेत हे दाखवणारे साधन मला आवडले.

न्यूट्रलसाठी कोणते चिन्ह असावे, हा प्रश्न मात्र त्याने माझ्यावर सोपवला. मोठे रोमन ‘एन्’ या सात रेघांत नीट उमटत नाही; धाकट्या लिपीतले उमटते, पण ओळखू यायला वेळ लागतो. मी म्हटले, शून्य ठेव. मला बजाजच्या चेतक स्कूटरची मूठ आठवत होती. १९७२ साली बाजारात आलेली ही स्कूटर महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत किती खोलवर रुजली होती हे सांगायला नको. तिचे गिअर डाव्या मुठीत असत. क्लच दाबून मूठ पिळायची. मुठीपाशी आकडे असत, आणि त्यांचा क्रम होता एक, शून्य, दोन, तीन, चार. गणिताच्या शिक्षकाला न मानवणारा हा क्रम आमच्या पिढीतील असंख्य मनगटांनी मुकाट्याने आत्मसात केला होता. मूठ जेथे वळलेली असे तेथेच ती राहत असे; अंधारातही मनगटाला आपला गिअर कळे. आर-वनच्या ड्रममध्येही शून्याची जागा तीच आहे, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध. भाच्याने आपल्या वडिलांच्या चेतकवर पुढे उभे राहून प्रवास केलेला. त्याला समजावून सांगावे लागले नाही. इंग्रजी छंदाच्या त्या गाडीत आज न्यूट्रलला शून्य दिसते, ते आकुर्डीच्या कारखान्यातून आलेल्या मुठीमुळे.

या सहा आठवड्यांत आमच्या क्षेत्राचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. वाङ्मयाच्या इतिहासात आपणही स्थाने सांगत असतो. साठोत्तरी, नव्वदोत्तरी असे म्हणताना आपण बहुतेक वेळा मोजत असतो. कोठल्यातरी शून्यापासून निघून एकेक टप्पा मिळवत येतो, आणि मधे एखादा टप्पा बसलाच नसेल तर पुढची सारी गणती तेवढ्याच आत्मविश्वासाने चालू राहते. समाजस्थिती आणि रूपबंध यांच्या प्रमाणावरून आपण अनुमानही करतो. ते पुष्कळदा उपयोगी पडते, पण त्याच्या उपाधीची चौकशी क्वचितच होते. कृतीच्या आतील ड्रमला विचारणे, म्हणजे ती संथपणे वाचणे, हा मार्ग सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत कष्टाचा. आणि रेघ? या कृतीचे स्थान मला अजून सांगता येत नाही, असे छापील पानावर म्हणणारा लेख विद्यार्थ्यांना किती वेळा वाचायला मिळतो? आमच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक घरात आकडा असतो. रिकाम्या घराला गुण नसतात, म्हणून असेल. पण त्यामुळे जे शिकवायचे राहून जाते ते लहान नव्हे.

गाडी पहिल्यांदा नीट धावली ती एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर. आठ दिसला, शून्य दिसले, मग एक. मी कडेला उभा होतो. मला आकडे दिसत नव्हते, आवाज तेवढा पायरी-पायरीने चढताना ऐकू येत होता. तो परत आला आणि हेल्मेट काढून म्हणाला की रेघ दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती.

आता त्या आकड्याकडे फारसे पाहावे लागत नाही, असे त्याने परवा फोनवर सांगितले. हाताला आणि उरलेल्या कानाला हळूहळू अंदाज आला आहे. वर चढताना तो पाहतच नाही. खाली उतरायचे असेल तेव्हा मात्र दांड्याला हात लावण्यापूर्वी, दर वेळी पाहतो.